यादीतलं पहिलं नाव

सुरुवातीलाच माफी मागतो. कामगार संघटनेबद्दल लिहायचा मला तसा अधिकार नाही. ज्यांनी संप केले, ज्यांच्या नोकऱ्या गेल्या, त्यांनी हे लिहायला हवं. मी एकाही मोर्चात चाललेलो नाही. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, नागपुरात दोन मित्रांसोबत एका खोलीत राहतो, आणि आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच आहे. त्यामुळे घरी लिहायचं काही काम निघालं की ते माझ्याकडे येतं. रेशनकार्डाचा अर्ज, लग्नपत्रिकेतला मजकूर, शाळेतून नाव काढायची चिठ्ठी. संघटनेची यादीही अशीच माझ्याकडे आली. ती लिहिताना माझ्या हातून जे झालं ते कुठेतरी सांगितल्याशिवाय राहवत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

नावं कोणाचीच लिहीत नाही. नागपूरच्या बाहेर जे वीजघर आहे, ते कोणतं हेही सांगत नाही. तिथल्या माणसांना अजून तिथेच काम करायचं आहे.

बाबा तिथे ठेकेदाराकडे राखेच्या विभागात आहेत. कोळसा जळून उरलेली राख पाण्यात कालवून मोठ्या पाइपांतून तलावाकडे सोडतात. पाइप तुंबला की तो उघडून साफ करायचं काम बाबांच्या गँगचं. अठरा वर्षं ते हेच करत आहेत. या अठरा वर्षांत ठेकेदार किती बदलले ते त्यांनाही आठवत नाही. माणसं मात्र तीच.

आमच्या घरात दाराजवळच्या खिळ्याला बाबांचा गेटपास लटकलेला असतो. प्लास्टिकचं कार्ड, त्यावर फोटो, ठेकेदाराचं नाव, आणि खाली एक तारीख. ठेका संपला की पास संपतो. नवा ठेकेदार जुनीच माणसं घेतो, पण घेईलच असं कोणी लिहून दिलेलं नसतं. ते मधले दिवस मी लहानपणापासून पाहत आलो. टीव्ही लावू नका असं कोणी म्हणायचं नाही, पण तो लागायचा नाही. आई शेजारणीकडे जायची नाही, कारण शेजारीण विचारणार. बाबा एरवी कमी बोलतात, पण त्या दिवसांत उगाच काहीबाही बोलत राहायचे. नवा पास खिळ्याला लागला की मग घर पुन्हा नेहमीसारखं व्हायचं. मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असं होत असेल.

मागच्या वर्षी बाबांच्या गँगमधल्या एकाच्या पायावर गरम राख पडली. तो घरी झोपून राहिला आणि तो नक्की कोणाचा माणूस, हेच ठरेना. ठेकेदार म्हणे काम वीजघराचं, वीजघर म्हणे माणूस ठेकेदाराचा. तेव्हा बाबा आणि त्यांचे एक सोबती कायम कामगारांच्या संघटनेकडे गेले. या सोबत्यांना आम्ही मिशीवाले काका म्हणतो. गेटजवळ संघटनांच्या पाट्या एकाखाली एक लागलेल्या आहेत. त्यातली सर्वांत मोठी पाटी पाहून हे दोघं आत शिरले.

मी त्या रविवारी घरी होतो. बाबा आले आणि चप्पल न काढता खाटेवर बसले.

“काय म्हणे?” आईने विचारलं.

“चहा पाजला. मानूस चांगला हाये. समदं आयकून घेतलं.” बाबा थांबले. “पण तुम्ही घटनेत बसत नाही म्हणे.”

आमच्या घरात घटना म्हटलं की एकच. भिंतीवरच्या फोटोत जे पुस्तक हातात धरलेलं आहे, ते. सव्वीस जानेवारीला विहारात तिची उद्देशिका वाचतात. बाबांना वाचताना अडखळायला होतं, पण ती उद्देशिका त्यांना पाठ आहे. दुसरीकडे कुठेही जागा नसली तरी आपल्याला तिथे जागा आहे, असं ऐकतच ते मोठे झाले.

“आपन घटनेत कसे नाही बसत गा?” त्यांनी मला विचारलं. रागाने नाही. खरोखर विचारलं.

मला हसू आलं. त्याची लाज अजून वाटते. मी सांगितलं की संघटनेची जी नियमावली असते तिलाही घटनाच म्हणतात. त्यांच्या घटनेत सभासद म्हणजे कायम कामगार असं लिहिलेलं असेल, म्हणून ठेक्यावरची माणसं तिच्यात बसत नाहीत. बाबांनी हे ऐकलं आणि पायातली चप्पल काढून खाटेखाली सरकवली.

“म्हणजे अशी घटना कोनी बी लिहू शकते?”

“हो. आपली संघटना असली तर.”

“मंग आपली तू लिहून दे.”

“काही लिहून देऊ नको,” आई आतून म्हणाली. “तुले पेपर हायेत. अन् तुमाले पास हाये. दोन्ही सांभाळा.”

आई बरोबर बोलत होती. तरी मी लिहून दिली. कॉलेजच्या ग्रंथालयात नमुना सापडला, त्यावरून मी नियम लिहिले. ‘ठेकेदार कोणताही असो, येथे काम करणारा प्रत्येक जण सभासद होऊ शकेल.’ हे वाक्य माझं स्वतःचं होतं आणि मला त्याचा अभिमान वाटला होता.

त्यानंतरची अडचण मला पुस्तकात कुठे वाचायला मिळाली नव्हती. सभा घ्यायची कुठे? विहारात घेतली तर निम्मे येणार नाहीत. हनुमान मंदिराच्या सभामंडपात घेतली तर उरलेले निम्मे येणार नाहीत. तसं तोंडाने कोणीच म्हणालं नाही. कोणाच्या घरी पाहुणे निघाले, कोणाची गाय आजारी पडली. शेवटी मिशीवाल्या काकांनी आठवडी बाजाराचे ओटे सुचवले. बाजार मंगळवारी भरतो, बाकी दिवस तिथे कुत्री झोपतात. ते ओटे कोणाचेच नव्हते, म्हणून सगळ्यांना चालले.

रविवारी दुपारी पन्नासेक माणसं जमली. जो तो एकेका ओट्यावर बसला.

“तू कांद्याच्या ओट्यावर बसला ना बे,” काका एकाला म्हणाले, “आता रडू नको मंग.”

हसणं झालं. मग अध्यक्ष कोण, असा प्रश्न निघाला. कोणीतरी एका उंच माणसाकडे बोट दाखवलं.

“मी काहून?”

“तुही उंची हाये.”

“उंची पाहून अध्यक्ष करतेत का? मंग त्या चिमनीलेच करा.”

“मी हावो ना मांगं,” एक म्हणाला. दुसराही तेच म्हणाला. “समदे मांगंच राहाले तं समोर कोन राहीन बाप्पा?” काका म्हणाले, पण समोर होतो असं त्यांनीही म्हटलं नाही.

अर्थशास्त्राच्या पेपरात ‘कामगार संघटनांसमोरील समस्या’ असा प्रश्न असतो. अनेक संघटनांची आपसातली स्पर्धा, बाहेरचं नेतृत्व, सभासदांची अनास्था, असे मुद्दे मी पाठ केलेले होते. त्या ओट्यांवर बसलेल्या माणसांना मात्र अनास्था नव्हती. ती इतक्या लांबून, भर उन्हात आली होती. त्यांना भीती वाटत होती, आणि भीती हा मुद्दा उत्तरात नव्हता.

अध्यक्षाचं पुढे पाहू असं ठरलं. पण नोंदणीच्या अर्जाला सभासदांची यादी आणि सह्या लागणार होत्या. आणि यादी म्हटली की पहिला नंबर आलाच.

“पंगतीत पयले बसाले भांडतेत अन् इथं कोनी सरकून नाही राहिलं,” काका म्हणाले. कोणी म्हणालं, गोल लिहा, म्हणजे पहिला-शेवटचा राहणार नाही. मी सांगितलं की अर्जात अनुक्रमांकाचे रकाने आहेत, गोल चालणार नाही. सगळे माझ्याकडे पाहू लागले. त्या सगळ्यांत मी एकटा कॉलेजात शिकणारा होतो. मला काहीतरी सुचायलाच हवं होतं, आणि सुचलं.

“अकारविल्हे लिहू,” मी म्हणालो. “आडनावाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे. कॉलेजच्या हजेरीसारखं. म्हणजे कोणी कोणाला पहिलं केलं असं होत नाही. अक्षर ठरवेल.”

हे सर्वांना पटलं. “शिकलेला पोट्टा हाये,” कोणीतरी म्हणालं. बाबांनी मान खाली घातली. त्यांना आनंद झाला की ते तसं करतात.

संध्याकाळी घरी मी फुलस्केप कागदावर रकाने आखले. आमचं आडनाव ‘अ’वरून सुरू होतं. शाळेत दहाही वर्षं माझा हजेरी क्रमांक एक होता. तरी ओट्यावर बोलताना हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी नियमाचा विचार करत होतो, आमचा नाही. एक हा आकडा लिहून नावासाठी पेन टेकवलं तेव्हा लक्षात आलं.

खरं सांगायचं तर तेव्हाही थांबता आलं असतं. उलट्या क्रमाने लिहिता आलं असतं, कोणी विचारलंही नसतं. पण मग ज्याचं आडनाव ‘ह’वरून आहे त्याचं नाव पहिलं आलं असतं, आणि त्याला तीन लहान मुली आहेत. नियम मी सांगितला आणि आमच्यावर आला तेव्हा मीच बदलला, असं होईल असंही वाटलं. आता वाटतं, मी खूप न्यायाने वागलो असं मला स्वतःला वाटावं म्हणून मी तसं केलं असेल. मला नक्की कळत नाही.

बाबांनी यादी हातात घेतली. ते अक्षरं जुळवत वाचतात, पण स्वतःचं नाव ओळखतात. त्यांनी पहिल्या नावावर बोट ठेवलं.

“हा मी हावो?”

“हो.”

ते बोट तिथेच राहिलं. मग त्यांनी माझ्याकडून पेन घेतलं आणि प्रत्येक अक्षर सुटं काढत सही केली.  आई दारातून पाहत होती. 

यादीवर बाकीच्यांच्या सह्या व्हायला दोन आठवडे लागले. त्या काळात ती घराघरांत फिरली, आणि कोणीतरी तिचा मोबाइलवर फोटो काढला. कोणी काढला हे कळलं नाही, आणि मला ते कळायला नको आहे. आम्ही नागपूरच्या सरकारी कार्यालयात अर्ज दिला आणि बर्डीच्या बाजारात उसाचा रस पिऊन घरी गेलो. चार दिवसांनी ठेकेदाराच्या सुपरवायझरने बाबांना बाजूला घेतलं आणि स्वतःच्या मोबाइलवर तोच कागद दाखवला, माझ्या अक्षरातला.

“तूच हाये का म्होरक्या?”

“नाही साहेब.”

“मंग एक नंबरले तुहं नाव कसं?”

बाबांनी सांगितलं की ते अक्षराप्रमाणे आहे. सुपरवायझर हसला. “मले शिकवतं का? ठेका संपून राहिला. पास आता नवीन बननार. पाहू अक्षरानं कोनाचा बनते तं.”

हे बाबांनी मला सांगितलं नाही, आईने फोनवर सांगितलं. ती मला रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, “ते यादी वापस घेता येते का रे?”

त्यानंतरचा एक महिना मी नागपुरात कसा काढला ते नीट आठवत नाही. वर्गात बसायचो आणि काही ऐकू यायचं नाही.  गावात असंही बोललं जात होतं की सह्या पहिल्या नंबरवाल्याच्या पोराने करायला लावल्या. ते पूर्ण खोटंही नव्हतं. एकदा मिशीवाल्या काकांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं.

“एक विचारू का बाबू? हसू नको.”

“विचारा ना काका.”

“माहं नाव खोडता येईन का? मले भेव लागते बाप्पा. दिवसा नाही लागत. घरी आलो का लागते.”

अर्ज जमा झाला आहे, आता खोडता येत नाही, असं मी सांगितलं. ते “बरं, बरं” म्हणाले, आणि मग मलाच म्हणाले, “तू अभ्यास कर. टेन्शन घेऊ नको.”

मी कार्यालयात जाऊन अर्जाचं काय झालं ते विचारलं. तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “तुम्ही सभासद आहात का?” मी नाही म्हणालो. मग माहिती सभासदालाच मिळेल, असं त्या म्हणाल्या. नियम बरोबर होता. तो आमच्याच घटनेत मी लिहिला होता. बाहेर आलो आणि कडुलिंबाच्या सावलीत उभा राहिलो. मला पहिल्यांदा कळलं की ज्यांच्यासाठी मी एवढं लिहिलं त्यांच्यात मी नाही. पास त्यांचा जाणार होता, माझा नाही. मी पेपर देऊन पास होणार होतो.

नव्या ठेक्याचे पास एक तारखेला गेटवर वाटणार होते. मी येतो म्हणालो तर बाबांनी नको म्हटलं. “तू दिसला तं अजून वाढीन. तुहा पेपर हाये ना?” पेपर दुपारी दोनला होता. मी सकाळी आठलाच कॉलेजात जाऊन जिन्याच्या पायरीवर बसलो.

गेटच्या आत मोबाइल नेता येत नाही. तो गेटजवळच्या पेटीत ठेवावा लागतो. त्यामुळे बाबांचा फोन नुसता वाजत राहिला तर ते आत आहेत, आणि त्यांनी उचलला तर ते बाहेर आहेत. आयुष्यात पहिल्यांदाच मी बाबांना फोन लावून त्यांनी तो उचलू नये अशी इच्छा करत होतो.

साडेनऊला लावला. पहिल्या रिंगलाच त्यांनी उचलला.

“हं.”

“काय झालं?”

“नावं वाचून राहिले. ठेव.”

दहा वाजून गेल्यावर मिशीवाल्या काकांचा फोन आला. मागे खूप माणसांचा आवाज होता.

“तुह्या बापाचा पास भेटला,” ते म्हणाले.

मी भिंतीला टेकलो. डोळ्यांत पाणी आलं, पण ते त्यांना कळू दिलं नाही.

“मंग आत गेले का?”

“नाही ना. तेच तं सांगून राहिलो. खिशात घालून बसला हाये कट्ट्यावर.”

“काहून?”

“तिघायचे नाही आले. दोन पोट्टे अन् मी.” ते थोडं हसले. “जास्त बोलतो ना मी. म्या म्हटलं त्याले, तू जाय गा, तुहं पोरगं शिकून राहिलं. तो म्हणते, बसतो थोडा वेळ. सुपरवायझर म्हणते अकरा वाजेपर्यंत जो आत नाही त्याचा पास कॅन्सल. तू सांगून पाय त्याले.”

मी सांगितलं. हे लिहायचं की नाही याचा खूप विचार केला. बाबांना फोन लावला आणि म्हणालो, “बाबा, तुम्ही आत जा.” नंतर बघू, काकांचं काहीतरी करू, अर्ज करू, असं बरंच बोललो. बाबांना घटना समजावून सांगणारा मी तेव्हा घाईघाईने हेच बोलत होतो. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. सुपरवायझरचं ऐकावं तसं.

“जेवला का तू?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“बरं,” ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

अकराला पाच कमी असताना पुन्हा लावला. वाजत राहिला. कोणी उचलला नाही. अकरानंतर दोनदा लावला, तेव्हाही वाजत राहिला. म्हणजे फोन पेटीत गेला होता, म्हणजे बाबा आत गेले होते. मला इतकं हलकं वाटलं की मी कॅन्टीनमध्ये जाऊन पोहे खाल्ले. काका बाहेर असतील हे आठवलं, तरी खाल्ले. मग वही उघडून बसलो.

साडेबाराच्या सुमाराला आईचा फोन आला. ती डबा घेऊन गेटवर गेली होती. बाबांनी फोन तिच्या पिशवीत टाकला होता, तो वाजत होता हे तिला गर्दीत ऐकूच आलं नव्हतं. तिचा आवाज मला अनोळखी वाटला. ती घाबरलेली होती हे कळत होतं, पण त्यात आणखीही काहीतरी होतं.

“तुह्या बाबाचा पास वापस घेतला,” ती म्हणाली. “अकरा वाजताच घेतला. अन् आयकून घे, त्याच्यासंग अजून एकवीस जनायनं आपले पास काढून देल्ले. समदे इथंच बसून हायेत गेटसमोर.”